भूत कधी येणार, असं विचारणाऱ्यांसाठी

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकांनी तक्रार केली होती की हल्लीचे भयपट भीती दाखवतच नाहीत, नुसतं रडगाणं लावतात. उदाहरण म्हणून त्यांनी ‘पर्ल’ या अमेरिकन चित्रपटाचं नाव घेतलं होतं. तोच चित्रपट मी गेल्या महिन्यात उत्तरेश्वर पेठेतल्या आमच्या घरी बघितला. सोबत माझा भाचा आणि त्याचे कॉलेजचे चौघं मित्रमैत्रिणी होते. पातेलंभर भडंग, दिवे बंद, अशी सगळी तयारी. पहिला अर्धा तास झाला नसेल, तोवर एकानं विचारलंच, "आत्या, भूत कधी येणार?"

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०२२ साली ‘एक्स’ नावाचा चित्रपट आला. त्यातलं कथानक १९७९ सालचं. टेक्सासमधल्या एका शेतावर एक म्हातारी माणसं मारत सुटते. त्याच वर्षी दिग्दर्शक टी वेस्ट यांनी त्या म्हातारीच्या तरुणपणाचा ‘पर्ल’ आणला. याचं कथानक १९१८ मधलं. ‘एक्स’मधली म्हातारी आणि ‘पर्ल’मधली तरुणी, दोन्ही मिया गॉथ या एकाच नटीनं केल्या आहेत. ‘पर्ल’च्या लेखनातही तिचा हात आहे. चित्रपट प्रौढांसाठी आहे, रक्तपात भरपूर आहे. लहान मुलांना घेऊन कुणी बसू नये.

पोरांनी पहिला भाग आधीच पाहिलेला होता. ती म्हातारी त्यांच्या लेखी ‘किळसवाणी’. त्यामुळे हिचं तरुणपण बघायचं तर पहिल्या मिनिटापासून कुऱ्हाड चालेल, अशी अपेक्षा. पडद्यावर मात्र झगझगीत रंग, जुन्या संगीतपटासारखं संगीत, आणि गोठ्यात गाईंपुढे नाचून दाखवणारी एक पोरगी. नवरा युद्धावर गेलेला, बाप लुळा पडून खुर्चीत, आई कडक आणि सतत राबणारी. गावात साथ, लोकांच्या तोंडाला फडकी. पोरगीला सिनेमात जायचंय. गोष्ट म्हणाल तर एवढीच.

ती बुजगावण्याबरोबर नाचते तेव्हा पोरं खो खो हसली. ती बापाला अंघोळ घालते, घास भरवते, तेव्हा दोघांनी मोबाईल काढले. मला मात्र तिथून नजर हलवता येईना.

कारण सांगते. आमच्याकडे १९९८ पर्यंत सहा म्हशी होत्या. मालक संध्याकाळी म्हशी गंगावेशच्या दूध कट्ट्यावर नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढायचे. घरातली वैरण, पेंड, शेणघाण माझ्याकडे. त्यातच सासऱ्यांना अर्धांगवायू झाला. नऊ वर्षं ते अंथरुणावर होते. वाचा गेलेली, डोळे मात्र लख्ख. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, भात कुस्करून चमच्यानं भरवायचा. एका रात्री त्यांनी तिसऱ्यांदा घास बाहेर काढला. मी चमचा ताटलीत टाकला आणि गोठ्यात जाऊन अर्धा तास उभी राहिले. परत आले तर त्यांच्या हनुवटीवर भात तसाच वाळलेला आणि डोळे दाराकडे लागलेले. त्या डोळ्यांत भीती होती. मी यायचीच नाही याची भीती की मी येईन याची, हे मला आजतागायत कळलेलं नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. चित्रपटातल्या त्या बापाचे डोळे असेच आहेत. त्याला सगळं कळतं, हलता मात्र येत नाही. पोरीच्या मनात काय शिजतंय हे घरात सगळ्यात आधी त्यालाच दिसतं. भूत कधी येणार म्हणून जी पोरं वाट बघत होती, त्यांनी मोबाईल काढले ते नेमके याच वेळी.

पर्लनं जे केलं त्याला माझी माफी नाही. गोठ्यात जाऊन उभं राहणं वेगळं आणि कुऱ्हाड उचलणं वेगळं, एवढं मला कळतं. पण ‘सायको आहे’ म्हणून एका शब्दात तिची बोळवण करायची, तर मग तिची गोष्ट पावणेदोन तास बघायचीच कशाला?

चर्चमध्ये नर्तकी निवडायच्या असतात तो प्रसंग घ्या. ती जीव ओतून नाचते. परीक्षक सांगतात, आम्हाला आणखी तरुण आणि सोनेरी केसांची मुलगी हवी. ती तिथंच कोसळते, ओरडून रडते. इथंही पोरं हसली. सतरा-अठरा वर्षांची असताना मीही एका नाटकाच्या निवडीला गेले होते. पाच ओळी म्हणून झाल्या आणि एक गृहस्थ माझ्या रंगाबद्दल बोलले. मी रडले नाही. थेट घरी येऊन जोंधळे निवडायला बसले. पडद्यावर ती एवढ्या मोठ्यानं रडली तेव्हा मला कसलंसं हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

१९१८ हे साल आपल्याला परकं नाही, तेही पोरांना सांगावं लागलं. चित्रपटातली ती साथ म्हणजे आपली मानमोडी, इन्फ्लूएंझाची. माझी आजी सांगायची, एकाला पोचवून घरी यावं तर दुसरा गेलेला असायचा. तेव्हा आपल्याकडचीही तरणी माणसं पहिल्या महायुद्धात, इराकमधल्या बसऱ्याकडे लढाईवर गेलेली आणि बायका वाट बघत घरी. सिनेमाचं वेडही त्याच काळातलं. पर्ल तिकडं चोरून सिनेमा बघत होती, तेव्हा इथं कोल्हापुरात चित्रकार बाबूराव पेंटर स्वतः कॅमेरा बनवून सिनेमाची कंपनी उभी करत होते. १९२० च्या त्यांच्या ‘सैरंध्री’ या चित्रपटातला कीचकवध इतका खरा वाटला की ब्रिटिश सेन्सॉरनं तो कापायला लावला. पडद्यावरचं रक्त या गावानं शंभर वर्षांपूर्वीच पाहिलंय. रक्त दिसलं की भीती, असं समजायचं काही कारण आपल्याला उरलेलं नाही.

शेवटाकडे पर्ल नणंदेला समोर बसवते आणि तिलाच नवरा समजून मनातलं सगळं बोलते. कॅमेरा कितीतरी वेळ तिच्या चेहऱ्यावरून हलतच नाही. आधी एकजण म्हणाला, "फॉरवर्ड कर की." भाच्याच्या वर्गातली मुलगी त्याला म्हणाली, "गप बस." मग सगळेच गप्प झाले. घरकामाच्या मावशी भांडी आटोपून दाराशी टेकल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही. बघता बघता त्या म्हणाल्या, "ह्या पोरीला घरात कुणी काय इचारतच न्हाईत व्हय?" पुरवणीतल्या त्या वाचकांना माझी विनंती आहे, त्यांनी तो प्रसंग मोबाईल लांब ठेवून एकदा पुन्हा बघावा. त्यांना ते रडगाणं वाटलं. मला वाटतं, हा आख्खा चित्रपट त्या बोलण्यासाठीच केलाय. अगदी शेवटी नावं सरकत असताना ती हसू ताणून धरते, गाल थरथरतात, डोळ्यांत पाणी येतं, तेव्हा आमच्या खोलीत एक जण हसायला लागला आणि मध्येच थांबला. पातेल्यातलं भडंग अर्धं तसंच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "आत्या, पिक्चर स्लो होता, पण रात्री झोप नाही लागली." ती मुलगी तर आता म्हणते, पहिला भाग पुन्हा बघायचाय, पण म्हातारीच्या बाजूनं. येत्या रविवारी बसणार आहोत. मोबाईल आधी माझ्याकडे जमा करायचे, असं ठरलंय.

मावशींनी मला भांडी घासता घासता विचारलं, "त्या पोरीचं फुडं काय झालं वो?" मी सांगितलं, कुठं गेलीच नाही ती. त्याच घरात, त्याच शेतावर राहिली. १९१८ ते १९७९, एकसष्ट वर्षं. माझं वय आज तेवढंच आहे.

त्यांचा हात थांबला. "थितंच म्हातारी झाली?" त्या म्हणाल्या, आणि नळ बंद करून माझ्याकडे बघत राहिल्या.

आपली,
एक वाचक
उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर