पाबळला एकदा सवडीने या: शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून १९८३ साली तो सुरू केला. हाताने काम करत शिकायचं आणि त्या कामाचा गावालाही उपयोग व्हायला हवा, हा त्यांचा आग्रह. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने २००२ मध्ये तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी हवी ती वस्तू बनवायची प्रयोगशाळा, आली. अशा प्रयोगशाळा तेव्हा जगातही नुकत्याच सुरू होत होत्या. आपण तिथे यावं आणि निदान अर्धा दिवस थांबावं, ही विनंती.

मी माझ्या वर्गाला घेऊन गेले होते. लेझर कटरवर प्लायवूड कापलं जात होतं, जळक्या लाकडाचा वास पसरला होता. एका मुलीने दोन तुकडे खाचेत बसवले, तर ते सैल. लेझर स्वतःच थोडं लाकूड जाळतो, म्हणून संगणकावरच्या चित्रातच खाच तेवढी अरुंद काढायची, असं तिथल्या मुलाने तिला समजावलं. तिने खाच दोन दशांश मिलिमीटरने कमी केली. पुढचा तुकडा हातोडीने ठोकूनच बसवावा लागला. फळ्यावर दशांश अपूर्णांक शिकवताना मला जे साधत नाही, ते तिथे झालं.

मुलांनी यंत्रं हाताळत शिकावं म्हणून शाळांमध्ये उभ्या राहणाऱ्या केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५०,००० लॅब जाहीर झाल्या. याचा मला मनापासून आनंद आहे. पण मी पाहिलेल्या एका शाळेत थ्रीडी प्रिंटर कपड्याखाली झाकलेला होता. त्यात घालायची प्लास्टिकची तार, फिलामेंट, संपली होती, आणि ज्या सरांना तो चालवता यायचा त्यांची बदली झाली होती. पाबळला यंत्रं चालतात, कारण ती सांभाळणारी, मुलांना हाताळू देणारी माणसं तिथे रोज असतात.

म्हणून मागणी एवढीच. राज्यातल्या अशा प्रत्येक लॅबला पगारी निदेशक द्या. कच्च्या मालासाठी दरवर्षी वेगळी तरतूद करा, अनुदानाची मुदत संपल्यावरही. आणि शाळा सुटल्यावर लॅब गावासाठी उघडी ठेवा. गावातला सुतार, वेल्डर, पंप दुरुस्त करणारा तिथे आला, तर मुलांना त्यांच्याकडून शिकता येईल आणि त्यांनाही नवी यंत्रं वापरता येतील.

भेटीला याल तेव्हा कार्यक्रम ठेवू नका. मुलं काम करत असतील, त्यांच्याशी बोला.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतील एक शिक्षिका