औषधाच्या चाचणीत खर्चाचा रकानाही हवा

महोदय,

गेल्या वर्षी माझी आई एका नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होती. औषध फुकट, तपासण्या फुकट, डॉक्टरांची वागणूकही आपुलकीची. पण ती विड्या वळते; कुंभारीच्या विडी घरकुलातून (विडी कामगारांच्या वसाहतीतून) दवाखान्यात यायचं म्हणजे तिचा अख्खा दिवस जायचा. सुपातली पानं तशीच पडून राहायची, हजार विड्यांची मजुरी बुडायची आणि सोबतीला मी, म्हणून माझाही खाडा. रक्तदाब, साखर, वजन सगळं फॉर्मवर लिहिलं जायचं. या खाड्यांसाठी मात्र त्यावर एकही रकाना नव्हता.

चाचणी संपल्यावर हे आठवून कोण सांगणार? जुन्या उपचारापेक्षा किती जादा खर्चात किती जादा गुण येतो, हे मोजायचं तर चाचणीच्या आराखड्यातच ठरवायला हवं: कोणता खर्च धरायचा, रुग्णाला किती महिन्यांनी विचारायचं, जगण्याच्या दर्जाची प्रश्नावली मराठीत (आणि आपल्या सोलापुरात तेलुगू, कन्नडमध्येही) आहे का. त्यासाठी आरोग्य-अर्थतज्ज्ञ पहिल्या बैठकीपासूनच हवा. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ मध्ये आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची यंत्रणा उभी केली. कोणत्या उपचारावर सरकारी पैसा घालावा, याचा अभ्यास तिथे होतो. त्या अभ्यासाला विडी आणि यंत्रमाग कामगारांचे खरे आकडे कुठून मिळणार?

शहरातल्या एथिक्स कमिट्यांनी (रुग्णांचं हित पाहणाऱ्या समित्यांनी) चाचणीला मंजुरी देतानाच हा रकाना मागावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सोलापूर