लामासान यांचीही दखल घ्या

फिलिपाइन्सच्या सिनेमाचा विषय निघाला की आपल्याकडे महोत्सवांत गाजलेल्या वास्तववादी चित्रपटांचीच चर्चा होते. तिथल्या दिग्दर्शिका ऑलिव्हिया लामासान यांचे नाव कुणी घेत नाही, याचे वाईट वाटते. त्यांच्या 'साना माउलित मुली'त (१९९५) प्रेयसी सॅन फ्रान्सिस्कोला जाते आणि नाते उसवत जाते. 'मिलान'मध्ये (२००४) नायक हरवलेल्या बायकोच्या शोधात चोरवाटेने इटली गाठतो. पुढे २०१६ मध्ये 'बार्सेलोना' आला. हे सगळे तद्दन व्यावसायिक, डोळ्यांतून पाणी काढणारे चित्रपट. पण पोटासाठी देश सोडणाऱ्या लाखो फिलिपिनो माणसांची ताटातूट त्यांत खरीखुरी उतरली आहे. आपल्या चित्रपट पुरवणीत त्यांच्यावर सविस्तर लेख यावा, ही विनंती.

– एक वाचक, डोंबिवली