टॉपर दोन इंची घ्यावा का चार इंची?

परभणी

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. कंबरदुखीसाठी टॉपर, म्हणजे गादीवर टाकायचा जादा थर, दोन इंची घेऊ का चार इंची, एवढंच तू विचारलंस. जाडीचं नंतर बघू, आधी खालची गादी तपास. चादर काढ, या कडेपासून त्या कडेपर्यंत सुतळी ताणून धर आणि कंबर टेकते तिथं सुतळी नि गादी यांच्यातलं अंतर पट्टीनं मोज. अर्धा-पाऊण इंच खड्डा असेल तर टॉपर चालतो. दीड इंचाच्या घरात गेला असेल तर कितीही जाड टॉपर टाक, तो त्याच खड्ड्यात बसणार आणि कंबर पुन्हा खाली जाणार. गादी उचलून खालचं प्लायवूडही बघ. बऱ्याचदा गादी बिचारी धड असते, फळीच मधोमध वाकलेली असते.

दुसरी पारख फुकटची. दोन-तीन रात्री खाली सतरंजीवर वाकळ टाकून झोप. सकाळी कंबर हलकी वाटली तर तुझी गादी मऊ पडतेय, तिच्यावर आणखी मऊ थर नको. खांदा नि खुबा ठणकला तर तुला कडक सोसत नाही, तिथं टॉपर कामाचा. कंबर दुखते म्हणून फळीवर झोप, हा घरोघरचा सल्ला मात्र सरसकट धरू नको. २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्पेनमधल्या ३१३ कंबरदुखीच्या रुग्णांचा अभ्यास आला होता, त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला.

आता जाडी. उताणा झोपत असशील तर २ इंच पुरे. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा नि खुबा आत रुतायला जागा लागते, त्याला ३ इंच. पालथा झोपणाऱ्यानं दीड-दोन इंचावर जाऊच नये, पोट खाली जाऊन कंबरेला बाक पडतो. वजन ९० किलोच्या पुढं असेल तर २ इंची फोम पार दबून खालची गादी टोचायला लागते, तेव्हा ३ इंची आणि जड डेन्सिटीचा, म्हणजे भरीव फोमचा घे. चार इंची दुकानात दाबून बघायला झकास वाटतो, पण कंबरदुखीवाल्यानं त्याच्या नादी लागू नये. रात्री कूस बदलायलाच जोर लावावा लागतो.

खरी फसवणूक जाडीत नसते, डेन्सिटीत असते. मेमरी फोम, म्हणजे अंगाच्या आकारानं दबणारा फोम, ५० डेन्सिटीचा, म्हणजे घनमीटरला ५० किलोचा तरी असावा. दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नको, वजन कर. ७२ बाय ३६ इंचाचा २ इंची तुकडा ५० डेन्सिटीचा असेल तर कव्हर सोडून सव्वाचार किलो भरतो. पावणेतीन किलो भरला तर तो ३२ चा माल आहे, लवकरच चपटा होणार.

आणि लेका, आपल्याकडचा उन्हाळा विसरू नको. मेमरी फोम उष्णतेनं मऊ पडतो, थंडीत ताठरतो. पारा ४२ वर गेला की तोच टॉपर जास्त रुततो आणि अंगाखाली गरम होतो. म्हणून मराठवाड्यात मी भोकं पाडलेलं लॅटेक्स, म्हणजे रबराचा फोम, सुचवीन. महाग पडतं, पण ऋतूनुसार फारसं बदलत नाही. मात्र वहिनींना सांग, गादीसारखं ते गच्चीवर उन्हात टाकायचं नाही. उन्हानं लॅटेक्स ठिसूळ होऊन त्याचा भुगा पडतो. कूलरची ओल धरते, म्हणून आठवड्यातून एकदा सावलीत उभं करून वारा द्या.

खर्च नको असेल तर पिंजाऱ्याकडून पाच-सहा किलो रुईची पातळ गादी भरून घे, टाके जवळजवळ घालायला सांग. काथ्याच्या कडक गादीवर ती छान बसते. हिला ऊन चालतं, उलट हवंच. रुई दबून गठ्ठे झाले की परत पिंजून घ्यावी लागते. पण कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्याला हिचा फार उपयोग नाही.

फोमचा टॉपर आणल्यावर गुंडाळी सोडून दोन दिवस उघडा ठेव. वास जातो, पूर्ण फुगतो, मगच जाडी मोज. मग उताणा पड आणि कंबरेखाली हात घालून बघ. किंचित अडत गेला तर बरोबर, सहज आरपार गेला तर कडक, शिरेचना तर मऊ. कुशीवर असताना वहिनींना पाठीमागून फोटो काढायला सांग. मान ते माकडहाड सरळ रेष दिसली पाहिजे. टॉपरमध्ये खांदा रुतला की जुनी उशी उंच पडते नि मान धरते, ती थोडी पातळ कर. पलंगाची उंची वाढते तेही बघ; काकांना कडेला बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत.

पायात मुंग्या, बधिरपणा किंवा कळ उतरत असेल तर मात्र टॉपरचा विचार सोड, आधी हाडांच्या डॉक्टरला दाखव. लघवीवरचा ताबा सुटल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.

काकांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. खड्डा किती निघाला ते कळव, मग दुकानात जा.

तुझा,
बालाजी