दहा दिवसांच्या शेकाने गुडघा बरा होत नाही

संपादक महोदय,

गुडघेदुखीच्या रुग्णाला ‘फिजिओथेरपी घ्या’ असे सांगितले की त्याच्या डोळ्यांपुढे पलंगावर पडून मशीन लावून घेणेच येते. दहा दिवस शेक आणि करंट, मग सुट्टी. पंधरवड्यात दुखणे परत येते, ‘काही फरक पडला नाही’ म्हणत माणूस पुन्हा वेदनाशामक गोळ्यांकडे वळतो. खरे तर त्याचा उपचार अजून सुरूच झालेला नसतो.

शेकाने काही तास बरे वाटते, पण ताकद येत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत झिजेच्या गुडघेदुखीसाठी अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचे मशीन) आणि आयएफटी, टेन्स (सौम्य करंट देणारी मशीन) देऊ नये, व्यायाम मात्र सर्वांना द्यावा, असे स्पष्ट म्हटले आहे. चालताना, जिना उतरताना बसणारा हिसका मांडीचा पुढचा स्नायू झेलतो. दुखते म्हणून हालचाल कमी केली की तो रोडावतो आणि सगळा भार सांध्यावर येतो.

म्हणून पहिल्या भेटीत मशीनआधी तपासणी व्हायला हवी. तुमची चाल पाहणे, गुडघा किती वाकतो ते कोनमापकाने मोजणे, ३० सेकंदांत हात न टेकता खुर्चीवरून किती वेळा उठता ते मोजणे. हे आकडे लिहून घ्या. सहा आठवड्यांनी तेच पुन्हा मोजले की फरक कळतो. एक्स-रे मात्र तसाच दिसणार.

सुरुवातीचे व्यायाम साधेच असतात. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबून ५ सेकंद धरा, असे १० वेळा. दुसरा, उताणे झोपून एक गुडघा दुमडायचा आणि दुसरा पाय ताठ ठेवून फूटभर उचलायचा. इथे दोन चुका हमखास होतात. एक, श्वास रोखला जातो. रक्तदाब असणाऱ्यांनी तर मोठ्याने आकडे मोजावेत, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. दुसरी, उचललेला पाय गुडघ्यात किंचित वाकतो आणि मांडीऐवजी सगळा जोर कमरेवर येतो. तिसरा व्यायाम खुर्चीवरून उठण्याचा. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा आणि उठताना गुडघे आतल्या बाजूला एकमेकांकडे झुकू देऊ नका. सोपे वाटू लागले की उशी काढा, पुढे पायाला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधा. इथेच बरेच जण अडकतात: वर्षभर तेच दहा वेळा करत राहिले, तर स्नायूला वाढायला कारणच उरत नाही.

व्यायाम करताना थोडे दुखणारच. शून्य ते दहाच्या मापावर चारपर्यंतचे दुखणे चालते, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पहिल्यासारखे व्हायला हवे. झाले नाही, तर व्यायाम बंद करू नका, निम्मा करा. पहिले दोन आठवडे मांड्या भरून येतात, त्याला घाबरू नये. खरा फरक सहा ते बारा आठवड्यांत जाणवतो. वजन जास्त असेल तर तेही उतरवा: एक किलो घटले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी, हे तर अनेकांना कुणी सांगतच नाही.

मधुमेहात पायांची जाणीव कमी झालेली असू शकते आणि मग गरम पिशवीने कातडी भाजली तरी कळत नाही. शेक देण्याआधी ती जाणीव तपासलीच पाहिजे. डायथर्मीआधी (विद्युतलहरींनी आतून शेक देण्याआधी) पेसमेकर किंवा शरीरात बसवलेली धातूची पट्टी असल्यास न विचारताही सांगा.

गुडघा गरम होऊन सुजला आणि अंगात ताप असला, पोटरी अचानक सुजली, गुडघा वाकलेल्या स्थितीत अडकला किंवा पडल्यानंतर पायावर भारच देता येईना, तर आधी डॉक्टरांना दाखवावे, व्यायामाचे नंतर पाहावे.

– एक भौतिकोपचारतज्ज्ञ, सांगली