तुझ्या गाडीच्या ट्रान्सफर बॉक्सविषयी

आंजर्ले, ता. दापोली
४ जून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की अर्धं बोलणं ऐकूच आलं नाही. पण "दुसऱ्यांदा गेला रे बॉक्स" एवढं स्पष्ट ऐकलं. बॉक्स म्हणजे ट्रान्सफर बॉक्स, इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा. गाडी विकून टाकतो म्हणालास. देवगडच्या पहिल्या पेट्यांच्या पैशातून घेतलेली गाडी ती! रात्री झोप लागेना, म्हणून सकाळी चहा होताच लिहायला बसलो.

आधी एक कर. मेस्त्रीला सांग की काढलेला बॉक्स भंगारात द्यायचा नाही. त्यातलं तेलही ओतायचं नाही, बाटलीत भरून ठेवायचं. माझ्या पिकअपचा बॉक्स तीन वर्षांत तीनदा गेला हे तुला माहीत आहे. पहिल्या वेळी मी बिल भरलं, नवा माल बसवला आणि गाडी घरी आणली. जुना माल बघितलासुद्धा नाही. लोकांना दर वेळी एकच सांगायचो, बॉक्स गेला. खरं तर दर वेळी वेगळंच काहीतरी गेलं होतं आणि कारण बॉक्सच्या बाहेर होतं.

पहिल्यांदा बॉक्समधली, पुढच्या शाफ्टला फिरवणारी चेन गेली. ती मेस्त्रीच्या शेडमध्ये खिळ्याला लटकत राहिली होती, म्हणून दोन वर्षांनी तरी हातात आली. नव्या चेनच्या शेजारी धरली तर चांगली बोटभर लांब भरली. ती ताणली कशाने? फोर हाय टाकलं, म्हणजे चारही चाकांना ताकद दिली, की पुढच्या आणि मागच्या चाकांकडे जाणारे शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, आपल्या गाड्यांत दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शिअल मध्ये नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. वाळूत, चिखलात चाक थोडं घसरतं आणि तो फरक जिरतो. डांबरावर घसरायला जागा नसते, मग त्याचा पीळ शाफ्टमध्ये आणि चेनमध्ये साठतो. फोर हाय काढताना दांडा अडकतो आणि दोन हात मागे घेतल्यावर ठक्कन सुटतो, तो हाच पीळ. मी पावसाळ्यात कड्यावरच्या गणपतीच्या चढाला फोर हाय टाकायचो आणि तसाच दापोलीपर्यंत जायचो. ओल्या रस्त्यावर त्यात धीर वाटायचा.

त्यात भर टायरांची. मागचे दोन नवे घातले होते, पुढचे झिजलेले तसेच. साइझ चारांवर एकच छापलेली, म्हणून कुणाला शंका आली नाही. शेवटी अंगणात खडूने टायरवर खूण केली, गाडी ढकलत दहा फेरे मोजले आणि टेप लावली. पुढचं चाक २२ मीटर गेलं, मागचं २२ मीटर ४० सेंटिमीटर. किरकोळ वाटतं ना? पण किलोमीटरला पुढचं चाक मागच्यापेक्षा आठ फेरे जास्त फिरतं. म्हणजे सरळ रस्त्यावरही पीळ भरतच राहतो. तेव्हापासून मी चारही टायर एकदम बदलतो आणि मधूनमधून पुढचे मागे, मागचे पुढे करतो.

दुसऱ्या वेळी समुद्राने मारलं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात लहान होड्या वर ओढायला मला बोलावतात. फोर लोमध्ये, म्हणजे चारही चाकं हळू पण जास्त जोराने फिरवणाऱ्या गिअरमध्ये, अर्धा तास वाळूत ओढाताण केली की बॉक्स हात लावता येणार नाही इतका तापतो. त्याच वेळी मी गाडी मागे पाण्यात उतरवायचो. गरम बॉक्स खाऱ्या पाण्यात बुडला की आतली हवा एकदम आकसते आणि जिथून वाट मिळेल तिथून पाणी ओढून घेते. माझ्या ब्रीदरची, म्हणजे बॉक्सच्या हवेच्या नळीची, टोपी गंजून पडलेली होती, म्हणजे दारच उघडं! तेल निघालं ते दूध घातलेल्या चहासारखं. बेअरिंगची रेस, म्हणजे गोळ्या फिरतात ती कडी, पाहिली तर जांभ्या दगडासारखी, बारीक बारीक खड्ड्यांची. आता ब्रीदरला रबरी पाइप जोडून बॉनेटखाली उंच बांधून टाकलाय. शिवाय गाडी पाण्यात गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी, सुरू करायच्या आधी, ड्रेन बोल्ट ढिला करून बघतो. पाणी तळाला बसतं, असेल तर आधी तेच येतं.

तिसऱ्याचं थोडक्यात सांगतो. मागचा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे बॉक्समधून मागच्या ॲक्सलला जाणारा, काढून परत बसवताना दोन्ही टोकांच्या सांध्यांचे क्रॉस एका रेषेत आले नाहीत. साठच्या पुढे गाडी थरथरायची. मी ते टायरचं बॅलन्सिंग समजत राहिलो आणि तोवर बॉक्सचं मागचं बेअरिंग आणि सील दोन्ही गेले. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली असती तर माझे किती पैसे वाचले असते. तू ती रेघ ओढून घे.

आता तुझ्या गाडीकडे येतो. तुझा पहिला बॉक्स गेला त्याच्या दोन महिने आधी तू पुढचा अख्खा ॲक्सल जुन्या बाजारातून आणून बसवला होतास. काल रात्री हे आठवलं आणि मी उठून बसलो. त्यातल्या क्राऊन-पिनियनचे, म्हणजे मोठ्या आणि लहान दातेरी चाकांचे, दात कुणी मोजले होते का? बाहेरून अगदी सारखे दिसणारे ॲक्सल आतून वेगळे असू शकतात. समज, एकात ४१ आणि १० दात, दुसऱ्यात ४३ आणि १०. म्हणजे एक ४.१ आणि दुसरा ४.३, जवळजवळ पाच टक्के फरक. माझ्या टायरांचा फरक दोन टक्केसुद्धा नव्हता. त्यात तुझी बाग सड्यावर, मोसमभर गाडी फोर लोमध्ये कोरड्या कातळावरून चढते. कातळावर चाक घसरत नाही. मग पिळाने जायचं कुठे?

हे बघायला काही उघडावं लागत नाही. गाडीचा एक ॲक्सल जॅकवर घे, बॉक्स टू हायला (फक्त मागची चाकं) आणि मुख्य गिअर न्यूट्रलला टाक, शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण कर. दोघांनी दोन्ही चाकं बरोबरीने दहा फेरे फिरवायची, तिसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे. मग दुसऱ्या ॲक्सलला तेच. एकीकडे ४१ आणि दुसरीकडे ४३ आले तर कितीही नवे बॉक्स घाल, ते जाणारच. ॲक्सलच बदलावा लागेल. आकडे जुळले तर माझी शंका चुकीची, मग बाटलीतलं तेल आणि मोडलेला माल नीट बघू. तेलाचं नावही पुस्तिकेत बघून ठेव. काही बॉक्सना एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं पातळ तेल, लागतं आणि मेस्त्री सवयीने ९० नंबरचं जाड गिअर तेल ओततात.

हे होईपर्यंत नव्या बॉक्सचा ॲडव्हान्स देऊ नको. आणि गाडीला गिऱ्हाईक बघू नको, निदान आठ दिवस तरी. पावसाने जरा उघडीप दिली की मी येतो, टेप आणि खडू घेऊन. चाकं फिरवायला दोन माणसं आपण झालो, शाफ्टचे फेरे मोजायला तुझ्या धाकट्याला बसवू. वहिनींना सांग, जेवायला आहे.

तुझा,
आंजर्लेकर