चि. समीरला, मुक्ताच्या बाळंतपणाविषयी

चि. समीर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

मुक्ताला आठवा महिना लागला आणि तुझ्या फोनवरून तुमच्या घरातला पेचही कळला. तिच्या वडिलांना चांगला दिवस पाहून सिझेरियन करून घ्यावे असे वाटते, आणि मुक्ताने घरी पाण्याच्या टबात झालेल्या बाळंतपणांचे व्हिडिओ पाहिल्यापासून तिला दवाखान्याचीच धास्ती वाटू लागली आहे. दोघांना काय सांगावे, असे तू विचारलेस. हा विषय फोनवर अर्धवट राहतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मुहूर्ताचा प्रश्न आधी संपवते. बाळाची फुप्फुसे पंचांग पाहून तयार होत नाहीत. कळा सुरू होण्यापूर्वी, विशेषतः ३९ आठवडे भरण्याआधी, सिझेरियनने काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास होऊन अतिदक्षता कक्षात ठेवावे लागण्याची शक्यता वाढते. व्याह्यांना हे माझ्या नावाने सांग, म्हणजे वाईटपणा तुझ्याकडे येणार नाही.

मुक्ताची बाजू अधिक विचार करण्याजोगी आहे, कारण तिच्या भीतीत तथ्य आहे. उपाय तेवढा चुकला आहे. इंग्लंडमध्ये धोका कमी असलेल्या चौसष्ट हजारांहून अधिक बाळंतपणांची पाहणी करून २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मिडवाइफ (बाळंतपणासाठी खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रसाविका) चालवतात त्या केंद्रांत सिझेरियन, चिमटा लावून बाळ काढणे आणि योनिमार्गाजवळ छेद देणे कमी झाले आणि बाळांच्या प्रकृतीत मात्र डॉक्टरांच्या विभागांच्या तुलनेत फरक पडला नाही, असे त्यात आढळले. त्याच अभ्यासात पहिलटकरणींच्या घरच्या बाळंतपणात बाळाला असलेला धोका वाढलेलाही दिसला, आणि तोही अशा देशात, जिथे घरी प्रशिक्षित मिडवाइफ येते आणि रुग्णालयाशी तिची व्यवस्था आधीपासून जुळलेली असते. तुमच्या चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत यातले काहीही नाही. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू झाले आणि देशाचा आकडा ९७ होता. दवाखाना, रक्तपेढी आणि १०८ क्रमांकाची गाडी यांच्याशिवाय आपण इथवर आलो नसतो. तेव्हा मुक्ताने दवाखान्यातच जावे, पण दवाखान्यात असलेली प्रत्येक गोष्ट प्रत्येक बाईवर झालीच पाहिजे, असे मानू नये. मला जे सांगायचे आहे ते एवढ्यातच आले. पुढचे सारे त्याचे तपशील आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, देशातील खासगी रुग्णालयांत झालेल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझेरियनने झाली आणि सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. अडलेली, रक्तदाब वाढलेली, झटके येऊ लागलेली बाई शेवटी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातच पाठवली जाते, हे मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहिले आहे. त्यामुळे खासगीत अवघड बायका जास्त येतात, हे कारण मला पटत नाही. सगळे डॉक्टर पैशासाठी करतात असेही मी म्हणणार नाही. एकट्या डॉक्टरच्या छोट्या दवाखान्यात रात्रभर कळा देणाऱ्या बाईजवळ बसायचे कोणी? बाहेर दहा नातेवाईक दर अर्ध्या तासाने दार वाजवतात आणि काही कमी-जास्त झाले तर काचा फुटतात. बसून राहणे, हात धरणे, ठोके ऐकणे आणि वाट पाहणे हे प्रसाविकेचे काम आहे, आणि आपल्याकडे ती जागाच रिकामी राहिली. केंद्र सरकारने २०१८ च्या डिसेंबरात मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात नर्सना अठरा महिन्यांचे स्वतंत्र प्रशिक्षण देऊन साध्या बाळंतपणाची जबाबदारी सोपवण्याची योजना आहे. तेलंगणाने हे काम त्याआधीच सुरू केले होते. तुमच्या दवाखान्यात अशी कोणी आहे का, हे पुढच्या भेटीत अवश्य विचार. नसेल, तर रात्रपाळीला प्रसूतिकक्षात कोण असते, हे तरी विचार.

बाळंतपणाला वेळ लागतो, आणि किती वेळ लागतो याबद्दलची आमच्या पिढीची शिकवणही आता बदलली आहे. गर्भपिशवीचे तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडले पाहिजे, असे आम्हांला शिकवले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केले की, हा वेग अनेक निरोगी बायकांच्या बाबतीत खरा ठरत नाही आणि तेवढ्याच कारणाने हस्तक्षेप करू नये. बाळंतपणाला खरा वेग पाच सेंटिमीटरपासून येतो असे धरावे आणि तिथून पुढे पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागू शकतात. त्याआधीचे तास तर कितीही लांबतात. पहिली कळ आल्याबरोबर भरती झालेल्या बाईचे घड्याळ तेव्हापासूनच मोजले जाऊ लागते, आणि सायंकाळपर्यंत ‘काही प्रगती नाही’ असा शेरा पडतो. म्हणून कळा पाच-पाच मिनिटांनी येऊन प्रत्येक कळ मिनिटभर टिकू लागेपर्यंत, आणि असे तासभर होईपर्यंत, मुक्ताने घरीच फिरावे, हलके खावे, अंघोळ करावी. मात्र पाणी गेले, रक्त गेले किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर कळांची वाट न पाहता निघायचे, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.

एका उपायातून दुसरा कसा निघतो, ते समजून घे. बाई भरती होते, हाताला सलाईन लागते, म्हणून ती पलंगावर उताणी पडते. उताणे पडल्याने गर्भपिशवीचा भार पाठीमागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि बाळाकडे जाणारे रक्त कमी होऊ शकते. शिवाय चालण्या-बसण्याने बाळाला खाली सरकायला जी मदत होते, तीही थांबते. कळा मंदावतात, मग पाणमोट फोडली जाते, मग सलाईनमधून ऑक्सिटोसिन सुरू होते. त्या औषधाने कळा एकामागून एक येतात, दोन कळांमध्ये बाळाला दम खायला वेळ मिळत नाही आणि ठोके घसरतात. त्या क्षणी सिझेरियन खरोखरच गरजेचे झालेले असते. डॉक्टरांनी जीव वाचवला हे खरे असते, आणि सकाळी बाई चालत राहिली असती तर कदाचित तिथवर वेळ आली नसती, हेही खरे असते.

यावरून ऑक्सिटोसिनला वाईट ठरवू नकोस. बाळ बाहेर आल्याबरोबर याच औषधाचे दहा युनिट मांडीत टोचले, तर गर्भपिशवी आवळते, वार लवकर सुटते आणि अतिरक्तस्राव टळतो. बाळंतपणात बायका सर्वांत जास्त याच रक्तस्रावाने दगावत आल्या आहेत. म्हणून बाळ जन्मल्यानंतर ते इंजेक्शन प्रत्येकीला मिळालेच पाहिजे, तिथे कारण विचारायचे नाही. बाळ पोटात असताना मात्र कारण हवे, थेंब मोजून हवे आणि ठोक्यांवर सतत लक्ष हवे. तारीख उलटली म्हणून कळा आणण्याचेही तसेच. दिलेल्या तारखेला जेमतेम वीसातले एक बाळ जन्मते. ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणणे शहाणपणाचे आहे. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या सहा हजारांहून अधिक पहिलटकरणींच्या अभ्यासात तर ३९ व्या आठवड्यात कळा आणल्यावर सिझेरियनचे प्रमाण थोडे घटलेच. पण तिथे औषधाला काम करायला पुरेसा वेळ दिला गेला होता. सकाळी गोळी आणि संध्याकाळी शस्त्रक्रिया, अशा घाईला त्या अभ्यासाचा आधार घेता येत नाही.

सरसकट छेद देण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पहिलटकरीण आहे एवढ्याच कारणाने योनिमार्गाजवळ छेद देण्याची पद्धत आपल्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना ती नको म्हणते. बाळाचे ठोके घसरले किंवा चिमटा लावावा लागला, तर छेद जरूर द्यावा. एरवी गरम पाण्यात पिळलेल्या कपड्याने शेक द्यावा, डोके दिसू लागले की ‘आता जोर नको, नुसती फुंकर मार’ असे सांगून ते हळूहळू बाहेर येऊ द्यावे, आणि तळहाताचा आधार द्यावा. एवढ्याने अनेकींना टाके लागत नाहीत, आणि लागले तरी थोडे लागतात. बाळ उतरावे म्हणून पोटावर वरून जोराने दाबणे हे तर अजिबात होऊ देऊ नये. त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि आईला व बाळाला इजा होण्याची भीती असते. एनिमा आणि केस काढणे यांचीही सरसकट गरज नाही, ते राहिले तरी बिघडत नाही.

नाळ कापायची घाई करू नये, हेही आधीच सांगून ठेव. बाळ रडते आहे, ठीक आहे, तर किमान एक मिनिट, शक्य तर तीन मिनिटे नाळ तशीच राहू द्यावी. तेवढ्यात वारेतले रक्त बाळाकडे येते आणि पुढच्या कित्येक महिन्यांचे लोह त्याला मिळते. ज्या देशात पाच वर्षांखालील ६७ टक्के मुले रक्तक्षयी आहेत, तिथे ही फुकटची शिदोरी वाया घालवू नये. (नाळेतले रक्त साठवणाऱ्या कंपनीचे माहितीपत्रक तू पाठवलेस, ते मी वाचले. ते रक्त बाळाचे आहे, बाळाला दे.) त्यानंतर बाळाला पुसून मुक्ताच्या छातीवर उघडेच ठेवावे आणि पहिल्या तासातच पाजायला घ्यावे, वजन, अंघोळ आणि तुमचे फोटो नंतर होतील.

आता तुझे काम. बाळंतपणात बाईजवळ सतत सोबत करणारे, धीर देणारे कोणीतरी असेल, तर आपोआप बाळंत होण्याचे प्रमाण वाढते आणि सिझेरियन कमी होतात, असे १७ देशांतल्या २६ चाचण्या एकत्र करून २०१७ साली दाखवले गेले. त्यात पंधरा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. इतका निर्धोक आणि इतका स्वस्त दुसरा उपाय प्रसूतिकक्षात मला माहीत नाही. सरकारी रुग्णालयांतही सोबतीला परवानगी आहे. तिथे ती बहुधा अनुभवी बाईला मिळते, खासगीत पतीलाही मिळू शकते, पण ती आधी मागून ठेवावी लागते. आत गेल्यावर मोबाईल बंद ठेव. तिची कंबर चोळ, घोट घोट पाणी दे, तिला चालव, आणि ती रागावली तर ऐकून घे. सिस्टरांना आणि मावशींना नावाने हाक मार. काही नवे सुरू करणार असतील तर ‘हे कशासाठी, आणि अर्धा तास थांबले तर चालेल का’ एवढेच शांतपणे विचार. डॉक्टर ‘थांबता येणार नाही’ म्हणाले, की वाद न घालता सही कर. नाळ आधी बाहेर आली, बाळ आडवे आहे, वार खाली आहे, ठोके वर येत नाहीत, अशा वेळी मिनिटे मोलाची असतात. आणि सिझेरियन झालेच, तर ‘नॉर्मल झाले नाही का’ असे विचारणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दारातच उत्तर द्यायची जबाबदारी तुझी. मुक्ताच्या कानावर ते जाऊ देऊ नकोस.

पुढच्या तपासणीला जाताना हे पत्र डॉक्टरांपुढे ठेवू नकोस, कोणालाही अशी यादी आवडत नाही. तुम्ही दोघांनी यातले चार मुद्दे निवडा आणि मुक्तालाच बोलू दे. सोनोग्राफीचे सगळे कागद, हिमोग्लोबिनचा ताजा अहवाल आणि रक्तगटाची चिठ्ठी एका फाइलमध्ये लावून दारामागच्या खुंटीवर ठेव. नववा लागला की मी येते. तोवर रोज सायंकाळी तिला घेऊन चालायला जात जा.

तुझी,
आई